गावच्या तलावात सामूहिक मासेपालन: माणसं जुळवण्यापासून बर्फाच्या पेटीपर्यंत

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही गावात शिरा, आधी दूध संस्थेची पाटी दिसते, मग सेवा सोसायटी, मग पतसंस्था. सहकार आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. तरी गावच्या तलावातला मासा मात्र बऱ्याच ठिकाणी बाहेरचा ठेकेदार धरतो आणि आपणच तो त्याच्याकडून किलोवर विकत घेतो, हे मला लई वर्षं खटकत होतं. आम्ही भुदरगडकडच्या एका पाझर तलावावर संस्था काढून गेली सात वर्षं हे काम करतोय, आता त्याच ओढ्यावरची अजून चार गावं सोबत आहेत. लोक फोन करून पहिला प्रश्न एकच विचारतात, बीज कुठनं आणलं? माझं म्हणणं असं की बीज हा पाचवा प्रश्न आहे. पहिले चार प्रश्न पाण्याचे आणि माणसांचे आहेत, ते सुटले नसतील तर कितीही चांगलं बीज सोडा, मे महिन्यात चिखलात मेलेले मासे गोळा करायची वेळ येते. म्हणून क्रमानं सगळं लिहितोय, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा.

पहिलं काम: तलाव मे महिन्यात बघा

पावसाळ्यात सगळेच तलाव भारी दिसतात. मासा जगणार का मरणार ते ठरतं एप्रिल-मे मध्ये. त्यामुळं भर उन्हाळ्यात दोन म्हातारी माणसं सोबत घेऊन तलावाला एक फेरी मारा आणि त्यांना विचारा की गेल्या दहा वर्षांत हा पूर्ण आटला कधी, सगळ्यात खोल डोह कुठं राहतो, सांडव्यावरनं पाणी साधारण कधी पडायला लागतं आणि कधी थांबतं. हे सगळं वहीत लिहा. भरलेल्या तलावाचं क्षेत्र आणि मे मधलं क्षेत्र मोबाईलवरच्या नकाशात बोटानं रेघ मारून पण मोजता येतं, अगदी अचूक नसलं तरी कामापुरतं चालतं.

मग तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते काढा. गावतळं असेल तर ग्रामपंचायत, पाझर तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडं, मोठा प्रकल्प असेल तर जलसंपदा. ठेक्याचं काम जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातनं चालतं. तिथं जाऊन तीन गोष्टी विचारा: तलाव आत्ता कुणाच्या ठेक्यावर आहे का, मुदत कधी संपते, आणि चालू जीआर कुठला. हे धोरण मधनंमधनं बदलतं त्यामुळं कुणी सांगितलेल्यावर विसंबू नका, जीआरची प्रत हातात घ्या आणि रात्री निवांत वाचा. पिण्याच्या पाण्याची योजना तलावावर असेल तर शेण, खत, खाद्य टाकायचा विषय तिथंच सोडून द्या, फक्त बीज सोडून नैसर्गिक खाद्यावर मासा वाढवायचा.

वर्षातनं सहा महिन्यांपेक्षा कमी पाणी टिकत असेल तर मोठी स्वप्नं बघू नका. अशा तळ्यात सायप्रिनस (कॉमन कार्प) चालतो, लवकर वाढतो.

दुसरं काम: माणसं, आणि कोण सुटलं ते बघणं

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणं संस्थेला किमान दहा माणसं लागतात आणि ती दहा वेगवेगळ्या कुटुंबातली पायजेत. कागद म्हणाल तर प्रवर्तकांची सभा घ्या, मुख्य प्रवर्तक नेमा, नाव राखून घ्या, बँकेत खातं काढून भागभांडवल भरा, उपविधी जोडून सहायक निबंधकांकडं प्रस्ताव द्या. कायद्यानं दोन महिन्यांत निर्णय व्हायला पाहिजे. हे सगळं एखादा जाणकार सेक्रेटरी करून देतो, त्यात फार अडचण नाही.

अडचण असते यादीत. गावात संस्था निघते तेव्हा ज्यांच्या घरात आधीच चार संस्थांची पदं आहेत तीच नावं वर येतात आणि ज्यांनी जन्मभर जाळं टाकलं ती भोई समाजाची दोन-चार घरं शेवटी आठवतात, तेही मजूर म्हणून. असं करू नका. मासेमारी संस्थेत प्रत्यक्ष मासेमारी करणारा माणूस सभासद असायला हवा हे सरकारी धोरणात पण आहे, पण मी ते नियमासाठी सांगत नाही. पाण्याकडं बघून मासा कुठल्या कडेला आहे हे ज्याला कळतं तो माणूस तुमच्याकडं दुसरा कुणी नाही. आमच्यात एक भोई मामा आहेत, सत्तरी ओलांडलेली, वारा कुठनं सुटलाय बघून सांगतात की आज जाळं पूर्वेच्या कडेला लावा. ते सभासद झाले म्हणून त्यांची पोरं पुण्याला जायची थांबली.

दुसरे सुटतात ते तलावात मोटर टाकणारे शेतकरी, तिसरे जनावरं धुणारे, चौथ्या मासे विकणाऱ्या बायका. या चौघांपैकी एक जरी बैठकीत नसेल तर पुढं भांडण ठरलेलं. बैठक ग्रामपंचायतीत न घेता देवळाच्या पारावर किंवा सरळ बांधावर घ्या, ऑफिसात गरीब माणूस बोलत नाही.

तिसरं काम: पाण्याचा करार

हे मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण इथंच निम्म्या संस्था बसतात.

तलाव मुळात बांधलाय सिंचनासाठी आणि विहिरीला पाझर लागावा म्हणून. मासा हा नंतरचा पाहुणा. उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला की शेतकरी शेवटच्या थेंबापर्यंत मोटर चालवणार, आणि त्यात त्याची चूक नाही. आमच्या पहिल्या बैठकीत एक आबा उठून उभारले आणि म्हणाले, "मासं जगवायला माझा ऊस वाळवू व्हय रं?" सगळे गप्प. खरंच उत्तर नव्हतं कुणाकडं. ती बैठक तशीच मोडली.

उत्तर पुढच्या उन्हाळ्यात सापडलं, गाळात. २०१७ पासनं राज्यात गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार ही योजना आहे. आम्ही गाळ काढताना सगळीकडनं थोडा थोडा न काढता सगळ्यात खोल जागी एकच मोठा डोह होईल असा काढायला लावला, अर्थात आधी खात्याच्या इंजिनिअरला दाखवून, कारण बांधाच्या पायाजवळ खणलं तर तलावच धोक्यात येतो आणि पाझर तलावाचा तळ फोडला तर पाणी राहत नाही. गाळ गेला शेतकऱ्यांच्या रानात. डोह राहिला माशाला. त्या डोहाच्या काठाला दगडी खांब रोवला, त्यावर लाल पट्टा मारला आणि करार केला: पाणी लाल पट्ट्याला टेकलं की सगळ्या मोटरी बंद, संस्थेची असो, सरपंचाची असो, कुणाची पण.

करारात काय काय लिहायचं ते सांगतो. एक, लाल पट्टा नेमका कुठं, फोटोसकट. दोन, पट्ट्याच्या वर पाणी असताना मोटरीवर संस्थेचा काहीही हक्क नाही, हे स्पष्ट लिहा, शेतकऱ्याची भीती तिथंच जाते. तीन, पट्टा कोण बघणार, आम्ही दर सोमवारी एक शेतकरी आणि एक मासेमार अशी जोडी पाठवतो. चार, कुणी मोडला तर काय, दंड किती, तो कुणाकडं जमा होणार. पाच, लई वाईट दुष्काळ पडला तर काय. हे पाचवं कलम बरेच लोक विसरतात. आमच्यात असं ठरलंय की तसं वर्ष आलं तर मार्चमध्येच सगळा मासा धरून विकायचा आणि पाणी पिकाला-जनावराला मोकळं करायचं. हे आधी लिहून ठेवलं की मे महिन्यात रात्री बारा वाजता मोटरीवर भांडणं होत नाहीत.

करारावर ग्रामसभेचा ठराव घ्या. नुसत्या सह्या पुरत नाहीत.

चौथं काम: मासेमारीचे नियम, गावानं लिहिलेले

नियम थोडे ठेवा. लांबलचक यादी कुणी पाळत नाही. आमचे असे आहेत.

जाळ्याची आस (एका घराचं भोक) ओढून मोजल्यावर चार इंचाच्या खाली नको, म्हणजे अर्धा-पाऊण किलोच्या आतलं कटला-रोहू निसटून जातं आणि पुढच्या महिन्यात किलोचं होऊन येतं. जून ते ऑगस्ट जाळं पूर्ण बंद, कारण मासा त्याच काळात अंड्यावर असतो. पहिला मोठा पाऊस पडला की ओढ्यानं वर चढणारे मासे धरायची आपल्याकडं जुनी आवड आहे, चढणीचे मासे म्हणून लोक बॅटरी घेऊन रात्री जातात. पोटात गाभोळी असलेली एक मादी म्हणजे हजारो पिल्लं, हे आम्ही शाळेतल्या पोरांना मासा चिरून दाखवलं, मग पोरांनीच घरी जाऊन बापाला अडवलं. आता पहिले पंधरा दिवस ओढ्याच्या तोंडाला कुणी जात नाही.

करंट लावणं, विष टाकणं, जिलेटीनचा बार काढणं हे गुन्हे आहेतच, संस्थेचा नियम असो नसो. करंटनं तर माणसं पण मेलीत. इथं दंडापावतीवर मिटवू नका, सरळ पोलीस पाटलांना सांगा.

एक सवलत मात्र मुद्दाम ठेवा. गळ टाकून किंवा छोट्या हातजाळ्यानं घरच्या कालवणापुरतं बारीक देशी मासं धरायला गावातल्या कुणालाही मुभा. तलाव संस्थेचा झाला म्हणून गरिबाच्या ताटातला मासा जाता कामा नये. ज्या तलावावर ही मुभा आहे तिथं राखण आपोआप होते, कारण चोर दिसला तर सगळं गाव ओरडतं.

आणि एक कोपरा कायमचा राखीव ठेवा, करारातलं दुष्काळाचं वर्ष सोडलं तर तिथं कधीच जाळं नाही. आमचा तो लाल पट्ट्याचा डोह. ही काही नवी गोष्ट नाही, रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही आणि तिथं खडशी (महसीर) मासा अजून टिकून आहे. बांगलादेशात हैल हाओर नावाच्या मोठ्या पाणथळीत बाइक्का बील हा भाग २००३ मध्ये कायमचा राखीव केला, आसपासच्या मासेमारांची संघटनाच त्याची राखण करते, आणि आजूबाजूच्या पाण्यात मासा वाढला. मासा राखीव जागेत वाढतो आणि बाहेर येतो, त्याला कुंपण नसतं.

पाचवं काम: बीज

आता बीज. आधी शब्द समजून घ्या, नाहीतर फसगत होते. अंड्यातनं आलेलं बारीक ते मत्स्यजिरे, साधारण इंचभर झालं की मत्स्यबीज, आणि तीन-चार इंच म्हणजे बोटाएवढं झालं की बोटुकली. जिरे स्वस्त, बोटुकली महाग. आम्ही पहिल्या वर्षी स्वस्तात मिळतंय म्हणून जुलैमध्ये इंचभर बीज सरळ तलावात सोडलं. आठ दिवसांत धो धो पाऊस, तलाव भरला आणि सांडव्यावरनं पाण्याबरोबर बीज पण गेलं, जे राहिलं ते मरळ आणि चिलापीनं खाल्लं. मार्चमध्ये जाळं टाकलं तेव्हा हाताच्या बोटावर मोजण्याएवढे रोहू. सभासदांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, कुणाकुणाचं दूध बिलातलं साठवलेलं शेअर होतं त्यात.

त्यानंतर पद्धत बदलली. आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड, पाऊस एवढा पडतो की तलाव जुलै-ऑगस्टमध्ये सांडतोच. म्हणून बीज जुलैत आणायचं पण सोडायचं शेततळ्यात. तिथं दोन-अडीच महिने वाढवून बोटुकली करायची आणि सांडवा बंद झाल्यावर, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर, तलावात सोडायची. दहा गुंठ्याच्या शेततळ्यात वीस हजार इंचभर बीज ठेवता येतं, त्यातलं साधारण निम्मं जगतं असं धरून चाला. रोज भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा सारख्या मापानं, भिजवून. वर दोऱ्या ताणा, पाणकावळा आणि बगळे लई नुकसान करतात. ज्या सभासदाचं शेततळं आहे त्याला बोटुकलीमागं मजुरी ठरवून द्या, फुकट कुणी राबत नाही आणि राबू पण नये.

सांडव्याला जाळी लावायचं बरेच जण सुचवतात. मी सांगेन सांभाळून. पुरात पाला-पाचोळा, केंदाळ येऊन जाळी चोंदली तर पाणी तुंबतं आणि बांधावरनं जायला लागतं, त्यात बांध फुटू शकतो. खात्याची परवानगी नसेल तर लावूच नका.

किती सोडायचं? खाद्य न घालता वाढवायच्या तलावात हेक्टरी ५०० ते २००० बोटुकली, त्यात पाणी किती खतावलंय त्यावर कमी-जास्त. हेक्टर धरताना भरलेल्या तलावाचं धरू नका, पुरा भरलेला आणि मे मधला यांच्या मधलं क्षेत्र धरा. समजा तलाव भरल्यावर १० हेक्टर आहे आणि उन्हाळ्यात २, तर ६ हेक्टर धरा, हेक्टरी १००० प्रमाणं ६००० बोटुकली. कटला, रोहू, मृगळ हे ४:३:३ या प्रमाणात घेतलं तर कटला २४००, रोहू १८००, मृगळ १८००. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळं एकमेकाच्या तोंडचं काढून घेत नाहीत. गवत जास्त असेल तर थोडा गवत्या (ग्रास कार्प) मिसळा. यातले शंभरातले चाळीस जरी जगले आणि सरासरी ७०० ग्रॅमचे झाले तरी १६८० किलो होतात. हा हिशेब कागदावरचा आहे, पहिल्याच वर्षी एवढं येईल असं धरून कर्ज काढू नका.

मागूर कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा. विदेशी मागूर पाळायला बंदी आहे आणि तो एकदा ओढ्यात गेला की देशी मासं संपवतो. आपल्या हिरण्यकेशीच्या उगमापाशी, आंबोलीत, २०२० मध्ये एक नवीन मासा सापडला, त्याचं शास्त्रीय नावच शिस्टुरा हिरण्यकेशी ठेवलंय, आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेच पाणी पुढं आजऱ्याला येतं. आपल्या ओढ्यांत काय काय आहे हे अजून पुरतं कुणी मोजलेलं नाही, त्यामुळं बाहेरचं काही सोडताना दहा वेळा विचार करा.

बीज आणताना: गाडी रात्री भरा, पहाटे तलावावर पोचली पाहिजे. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. पोचल्यावर पिशव्या फोडायच्या नाहीत, पंधरा-वीस मिनिटं तशाच पाण्यात तरंगत ठेवा, मग तोंड सोडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या, मग पिशवी आडवी करा आणि पिल्लांना आपल्या मनानं बाहेर जाऊ दे. एकदम ओतलं तर तापमानाच्या धक्क्यानं मरतात आणि ते दोन दिवसांनी कळतं. आणि मोजून घ्या. एक पिशवी कुठलीही निवडून सगळ्यांसमोर वाटीनं मोजायची, विक्रेत्याला आधीच सांगून ठेवायचं.

सहावं काम: रोजची नजर

तलावात रोज जाऊन बघायचं ते एकच, पाणी कसं दिसतंय. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा, बोटं धूसर दिसली तर पाणी बरोबर आहे. स्वच्छ दिसली तर खाद्य कमी आहे. मनगट बुडताच दिसेनाशी झाली आणि रंग गर्द हिरवा असेल तर सावध व्हा. आमच्याकडं चौथ्या वर्षी मे महिन्यात तसंच झालं. दोन दिवस आभाळ भरलेलं, वारा बंद, उकाडा. पहाटे पाचला बांधावर गेलो तर डोहात सगळीकडं माशांची तोंडं वर, टप टप असा आवाज येत होता, जशी पावसाची पहिली सर पत्र्यावर पडावी तसा. मासा पाण्यात श्वास कोंडून वर आला होता, ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो. काय करायचं माहीत होतं, मोटर लावून तेच पाणी उंचावरनं परत डोहात फवारायचं, पण संस्थेची मोटर नव्हती. ज्या आबांनी पहिल्या बैठकीत विचारलं होतं त्यांचीच मोटर सगळ्यात जवळ होती. फोन केला. आले, स्वतः पाईप ओढला, सूर्य वर येईपर्यंत तिथंच उभारले. थोडे मासे गेले, बाकी वाचले. दुसऱ्या महिन्यात आबांनी शेअर घेतला.

अशा वेळी तलावात शेण-खत लगेच बंद करा, आणि केंदाळ वाढलं असेल तर हातानं काढा, फवारणी करू नका. काढलेलं केंदाळ खड्ड्यात टाकलं की खत होतं. भंडारा-गोंदियात ढीवर समाजाच्या लोकांनी मालगुजारी तलावांतनं, म्हणजे तिकडच्या जुन्या गावतलावांतनं, बेशरम नावाची झुडपं उपटून काढली आणि तिथली देशी पाणवनस्पती परत लावली, देशी मासा परत आला. म्हणजे सगळंच हिरवं वाईट नसतं, कुठलं काढायचं आणि कुठलं ठेवायचं हे बघून ठरवा. पाणमांजर दिसलं तर त्याला मारू नका, कायद्यानं संरक्षण आहे त्याला.

सातवं काम: धरणं, विकणं, हिशेब

फेब्रुवारीपासनं मेपर्यंत थोडं थोडं धरा. एकदम सगळं धरलं तर भाव पडतो. आपल्याकडं बुधवार, शुक्रवार, रविवारी मासा खपतो, सोमवार-गुरुवारी पन्नास किलो पण जड होतो. आखाडात मागणी जोरात पण तेव्हा आपलं जाळं बंद, त्याला इलाज नाही, आणि श्रावणात कुणी विचारत नाही.

बर्फ हा विषय लोक हलका घेतात. किलोला किलो बर्फ, थर देऊन, तळाला बर्फ, मग मासा, मग बर्फ. बुट्टीत गोणपाट घालून नेलेला मासा शहरात पोचेपर्यंत मऊ पडतो आणि व्यापारी पाडून मागतो. बर्फाच्या पेटीसकट मोटरसायकलला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदान आहे, ही योजना २०२० ला सुरू झाली, खुल्या गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के. पण आधी पदरचे घालावे लागतात, तेवढी तयारी ठेवा. मासेमारांना किसान क्रेडिट कार्ड पण मिळतं आणि २०२५ मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय, बँकेत गेल्यावर हे ठामपणे सांगा. गट अपघात विमा सगळ्या सभासदांचा काढाच, मृत्यू झाला तर ५ लाख मिळतात. पाण्यातलं काम आहे.

हिशेब उघडा ठेवा. बांधावरच काटा, वजन मोठ्यानं सांगायचं, तिथंच फळ्यावर लिहायचं आणि फळ्याचा फोटो ग्रुपवर. धरणाऱ्याला किलोमागं मजुरी त्याच दिवशी रोख, उरलेल्यातनं ठेका, बीज, बर्फ, आणि शेवटी नफा. नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीला जातोच, लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. दूध संस्थेत दर दहा दिवसाला बिल पडतं म्हणून माणूस विश्वासानं दूध घालतो. मासेवाल्याला सहा महिने थांबायला लावलं तर तो रात्री दुसरीकडं विकणार, आणि त्याला चोर म्हणायचा अधिकार आपल्याला राहत नाही.

विक्री बायकांच्या हातात द्या, हे माझं स्पष्ट मत आहे. आमच्या तीन वहिनी गावोगाव विकतात, एका पैशाचा फरक कधी पडला नाही. पुरुषांना विकायला दिलं त्या वर्षी उधारी वाढली होती.

आठवं काम: शेजारच्या गावांशी जोडणी

एकटं गाव दमतं. बीजाची अर्धी गाडी आणायला पूर्ण गाडीचं भाडं, बर्फासाठी वेगळी फेरी, व्यापारी एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळवतो. एकाच ओढ्यावरची पाच गावं एकत्र आली की बीज एकाच गाडीत येतं, मोठं जाळं एकच घेऊन पाळीनं वापरता येतं, आणि कुठल्या दिवशी कुठल्या गावानं धरायचं ते आधी ठरवलं तर पाचही गावांचा मासा एकाच रविवारी बाजारात पडत नाही. गावातली दूध संस्था आणि वर जिल्ह्याचा संघ ही रचना आपल्याला १९६३ पासनं गोकुळनं दाखवलीच आहे, माशाला वेगळं काही शोधायचं नाही. वर्षातनं चार बैठका, प्रत्येक वेळी वेगळ्या गावात, दोन प्रतिनिधी पैकी एक बाई.

पाण्याची खबर देणं हे याहून मोठं काम. वरच्या गावात मळीचं पाणी किंवा कशाचं तरी सांडपाणी ओढ्यात आलं तर खालच्याला तासाभरात कळलं पाहिजे. पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात परत परत वाचतो, तिथल्या लोकांचं नुकसान बघून पोटात तुटतं. असं कुठं झालं तर आधी पाण्याचा नमुना घ्या, स्वच्छ बाटली काठोकाठ भरून, बूच लावून, बर्फात ठेवा, वेळ आणि जागा लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मग तलाठी आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडनं पंचनामा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूरच्या कार्यालयात लेखी तक्रार. नमुना आधी, आरडाओरडा नंतर, कारण पाणी चार तासांत पुढं जातं.

वेदगंगा-दूधगंगा पुढं कर्नाटकात जातात. गेल्या वर्षी निपाणीकडच्या एका गावानं आमच्या बीजाच्या गाडीत त्यांच्या पिशव्या घातल्या, त्यांचा सेक्रेटरी कानडी, आमचा मराठी, मोजणी दोघांच्या भाषेत झाली. श्रीलंकेत गावच्या हंगामी तलावांत शेतकऱ्यांच्या संघटनाच मासा सोडतात आणि पाणी आटत आलं की सगळे मिळून धरतात, भाताला पाणी देणारे आणि मासा धरणारे तिथं एकाच संघटनेत असतात. ढाक्याला सार्कचं कृषी केंद्र आहे, आपल्या शेजारच्या देशांचे शेतीचे अनुभव एकमेकांकडं जावेत म्हणून. तिथपर्यंत आपण पोचू न पोचू, पण ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या गावाचा फोन नंबर आपल्याकडं असायला काय हरकत आहे.

आत्ता सुरू करणाऱ्यांनी तारखा अशा धरा: जानेवारीत ग्रामसभेचा ठराव, फेब्रुवारी-मार्चमध्ये नोंदणीचे आणि ठेक्याचे कागद, एप्रिलमध्ये लाल पट्टा, मेमध्ये शेततळ्याची डागडुजी आणि बीजाचं बुकिंग. बुकिंगला उशीर करू नका, जुलै लागला की चांगलं बीज आधी मोठ्या धरणांकडं जातं. बुकिंग करताना पावतीवर जात, आकार इंचात आणि पोचवायची तारीख लिहून घ्या, आणि शेजारच्या गावाला फोन करून विचारा, गाडीत जागा आहे, तुमच्या किती पिशव्या घेऊ?